चालती पेटी

मार्च सरत आला की आमच्याकडे एकही अंगण रिकामं राहत नाही. मिरच्या वाळतात, चिंच वाळते, पापड-कुरडया वाळतात, हिवाळाभर अंगावर घेतलेल्या गोधड्या ऊन खात पडतात. ज्यांच्या बांधावर झाड आहे त्यांच्याकडे चटईभर मोहफुलं. पहिल्या दिवशी पिवळसर, रसानं टपोरी. तिसऱ्या दिवशी आकसून मनुक्याएवढी. फुलं आकसतात, वास मात्र वाढतच जातो. गोड, जड, किंचित आंबूस. ब्रह्मपुरीत आता चहूकडे सिमेंट झालं, माझ्या घरासमोरून दिवसभर मोटारसायकली जातात, तरी हा वास त्या धुरातून वाट काढत नेमका माझ्या खिडकीशी येतो.

काल आला. मी निवडत असलेली भाजी तशीच ठेवली, स्टुलावर चढले (या वयात चढू नये, हे मला सगळे सांगतात) आणि कपाटावरचं काळं खोकं खाली घेतलं. आत माझी अॅकॉर्डियन आहे. आमच्याकडे हार्मोनियमला पेटी म्हणतात. अॅकॉर्डियन हा शब्द मोहल्ल्यात कुणाच्याच तोंडात बसेना, तेव्हा तिलाही पेटीच म्हणायला लागले. फरक करायची वेळ आली तर 'बाईची चालती पेटी'.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नेमकं साल सांगत नाही, मी तेव्हा चौतीस वर्षांची होते एवढं सांगितलं म्हणजे पुरे. प्राथमिक शाळेत शिकवत होते. घरी मी आणि माय, दोघीच. माझं लग्न झालं नव्हतं, आणि तो विषय मोहल्ल्यानं एव्हाना कंटाळून सोडून दिला होता. त्यांना नवा विषय हवा होता, तो मी अॅकॉर्डियन घेऊन दिला.

पण खरी सुरुवात आदल्या वर्षीच्या चौदा एप्रिलला झाली. जयंतीच्या मिरवणुकीत आमच्या मोहल्ल्याच्या बाया गात चालायच्या, आणि त्यांच्या पुढं माय. शुभ्र लुगडं, हातात काही नाही, मान किंचित उजवीकडं कललेली. गाणी तिची तिनंच जोडलेली. त्यातलं एक सगळ्यांना पाठ होतं: "नाव माझं मी लिहिलं गं, अंगठा पुसून टाकला." ते गाणं खरं होतं. चाळिशी ओलांडल्यावर तिनं माझ्याकडून अक्षरं शिकून घेतली होती, आणि पहिल्यांदा सही केली त्या दिवशी चूल पेटवायची विसरली होती.

बाया चालत, पण पेटी बैलबंडीवर. मांडीवर पेटी घेऊन बंडीत बसायचे आमचे गुलाबभाऊ. शिलाईचं दुकान, स्वभाव सोन्यासारखा, आणि हात काळी पाच या पट्टीवर बसलेला. म्हणजे कुणीही गावो, कसाही गावो, गुलाबभाऊंचा सा काळी पाचलाच. मायचा आवाज काही वर्षांपासून उतरत चालला होता. घरात दळताना, निवडताना ती आपोआप खाली गायची. मिरवणुकीत मात्र तिला त्या उंच पट्टीवर चढावं लागे, आणि मान जास्तच कलायला लागे. त्या वर्षी बाजारचौकात गर्दी झाली, बंडी पुढं निघून गेली, बाया मागं अडकल्या. सूर ऐकू येईना. मायनं अंदाजानं वरची ओळ उचलली आणि आवाज फुटला. ओळ अर्धीच राहिली. तिनं तोंड मिटलं आणि विहारापर्यंत नुसती चालत आली.

घरी आल्यावर पाय धुतले आणि म्हणाली, "झालं माहं गानं."

मी म्हटलं, "असं काऊन म्हनतं माय?"

"मोडलेल्या गडव्यानं पानी वाढू नये बाई, लोकायच्या अंगावर सांडते."

ती रडली असती तर मी समजूत काढली असती. ती शांतपणे कांदा चिरायला बसली. त्यानंतर वर्षभर ती घरातसुद्धा गायली नाही. जात्याची नुसती घरघर ऐकू यायची. ते मला सहन होत नव्हतं.

गुलाबभाऊंशी बोलून पाहिलं. ते खजील झाले. "बाई, तीस वर्सं झाली, हात काळी पाचवर बसला. आता नवा हात कुठून आनू?" आणि पट्टी बदलली तरी बंडीचं काय? पेटी पुढं, गाणारी मागं, हे तसंच राहणार होतं.

पुढच्या फेब्रुवारीत बाजारातून भाजी घेऊन येताना एक वरात आडवी आली. बॅन्डपार्टीतला एक किडकिडीत माणूस छातीवर पेटी बांधून चालत होता. चालत होता आणि वाजवत होता! उजव्या हाताला पेटीसारख्याच पट्ट्या, भाता आडवा, आणि अवघं वाद्य त्याच्याबरोबर पावलं टाकत होतं. मी त्या वरातीमागं पार मांडवापर्यंत गेले. नवरीकडच्या बायांनी मला नवरदेवाकडची समजून कुंकू लावायला घेतलं तेव्हा भानावर आले.

शाळेतल्या एका बाईंचे मेहुणे भद्रावतीला फॅक्टरीत होते. त्यांच्या वसाहतीत थॉमससाहेब म्हणून कुणी निवृत्त होऊन केरळला परत चालले होते आणि त्यांच्याकडं दोन अॅकॉर्डियन होत्या, असा निरोप आला. रविवारी निघाले. माय बरोबर आली. पेटीसाठी नव्हे, परक्या घरी एकटीनं जाऊ नये म्हणून. चंद्रपूरला एसटी बदलली, आणि उन्हात डोकी भाजत वसाहतीत पोचलो. एकसारखी घरं, एकसारख्या जाळ्या. थॉमससाहेबांचं घरातलं सामान अर्धं बांधून झालेलं होतं. पलंगावर मात्र दोन्ही वाद्यं चादर अंथरून ठेवली होती, पाहुण्यांना दाखवायला बाळं ठेवावीत तशी.

एक लाल. काय सांगू! लाल, चकचकीत, शिंपल्यासारखी झाक, डाव्या हाताला एकशेवीस बटणं, खटक्यांची रांग. दुसरी तपकिरी, बुटकी, अठ्ठेचाळीस बटणांची, एका कोपऱ्याचा टवका उडालेला. किंमत त्यांनी दोन्हींची सारखीच सांगितली. मी तपकिरीकडं दुसऱ्यांदा पाहिलंसुद्धा नाही.

"पहले आप का उमर बताइए," ते म्हणाले.

मी सांगितलं.

"पहले कुछ बजाया?"

"नाही."

ते हसले नाहीत. हे मी त्यांचं कधी विसरले नाही. त्यांनी मला भाता कसा तपासायचा ते दाखवलं: कुठलीही पट्टी न दाबता भाता ओढायचा, सहज उघडला तर कुठून तरी हवा जाते. प्रत्येक पट्टी दोनदा ऐकायची, एकदा भाता उघडताना, एकदा मिटताना. मग म्हणाले, "अब पहनो, और बाहर घूम के आओ. पंद्रह मिनट. बैठ के तो हर बाजा अच्छा लगता है."

मला मिरवणुकीत चालायचं आहे हे मी त्यांना सांगितलंही नव्हतं. लाल पेटी गळ्यात घालून मी भर दुपारी परक्या वसाहतीत निघाले. शेजारून माय, डोक्यावर पदर. पाण्याच्या टाकीपर्यंत जाईतो पट्टे खांद्यात रुतले. हनुवटी पेटीला टेकत होती. जाळ्यांमागं चेहरे गोळा झाले. परत आले तेव्हा पाठीचा कणा बोलत होता, तरी तोंडानं म्हटलं, "छान आहे."

माय माझ्याकडं बघून म्हणाली, "तोंड पाह्य तुहं. बंडीले जुंपलेला बैल दिसून राह्यली."

मग तपकिरी घातली. टाकी मागं पडली, गुलमोहर मागं पडला, वसाहतीचं फाटक आलं तेव्हा लक्षात आलं की बरंच चालून झालं. तिथं थांबून मी एक पट्टी दाबली, खालच्या सुरातली. जाड, उबदार आवाज आला. मी भाता ओढत राहिले. आणि शेजारून, अगदी बारीक, कुणीतरी त्याच सुरात हुं केलं.

मी मान वळवली नाही. वळवली असती तर ती गप्प झाली असती.

थोड्या वेळानं माय आपणहून म्हणाली, "ह्याच्यात खाली उतराले जागा हाये."

तपकिरी घेतली. खोटं कशाला बोलू, लाल पेटीवर माझा जीव बरेच दिवस अडकून होता; अजूनही लाल शालू दिसला की ती आठवते. निघताना थॉमससाहेबांनी एकच गोष्ट तीन-तीनदा बजावली: ओल लागू देऊ नका, बंद ठेवून कुबट होऊ देऊ नका. त्यांच्या मुलखात वाद्याचा वैरी तोच. फाटकापर्यंत पोचवायला आले, खोक्यावर एकदा हात ठेवला, आणि आत निघून गेले.

उन्हाळ्यात शाळा सकाळची. दुपारी दारं-खिडक्या लावून, ओला पंचा मानेवर टाकून मी बसायचे. उजवा हात गुलाबभाऊंनी शिकवला. डाव्या हाताची बटणं साऱ्या ब्रह्मपुरीत कुणालाच माहीत नव्हती, तेव्हा चाचपडत मी त्यातली दोन शोधून काढली आणि तेवढ्यावरच संसार केला. पट्टी एकच शिकले: काळी पाचहून खालची, काळी तीन. मायचा आवाज जिथं टेकत होता तिथली. बोटं माझी, पण ऐकायची नाहीत. इतकी वर्षं नुसता खडू धरलेली बोटं ती! पोरं खिडकीच्या फटीतून बघून खिदळायची. एकदा मी रागारागानं पट्टे उतरवले आणि म्हटलं, "हे लहानपनीच शिकाले पायजे होतं. आता काही नाई होत."

माय भिंतीला टेकून चिंचेचे चिंचोके काढत होती. "मी 'क' काढाले किती दिवस लावले?"

"आठवते ना. अकरा."

"तू मारलं होतं काय मले?"

मी पुन्हा पट्टे चढवले. मी ते का शिकते आहे हे तिला सांगितलं नव्हतं. चौदा एप्रिलचा विषय दोघीही काढत नव्हतो.

आणि मग तो दिवस. जयंती आठ दिवसांवर आलेली. अकराच्या सुमारास शाळेतून आले, फाटक लोटलं. अंगणात मिरच्या. मिरच्यांच्या पलीकडं चिंच. पलीकडं शेजारच्यांची मोहफुलं. आणि मधोमध, धुतलेल्या चटईवर, भाता पूर्ण ताणून, दोन्हीकडं विटांचा टेकू देऊन, माझी अॅकॉर्डियन.

हात लावला तर चटका बसला. उचलली तर तिच्या पोटात काहीतरी सरकलं, डब्यात गुंड्या वाजाव्यात तसं. पट्टी दाबली, तीन सूर एकदम कण्हले आणि एक खळकन पडला.

माय दारात आली, हात पुसत. "कुबट वास येत होता व तिले. ऊन देल्लं."

मी ओरडले. "तुले कोनं सांगतलं होतं हात लावाले? कळत नाई तं करावं कायले?"

कळत नाही. जिला मी अक्षरं शिकवली तिला मी हे म्हणाले. ती आत निघून गेली. दुपारी जेवली नाही. चार वाजता माझ्यापाशी येऊन बसली आणि जमिनीकडं बघत म्हणाली, "साऱ्यायले ऊन देऊन राह्यली होती, तिले बी देल्लं. माह्याच गान्यासाठी आनली तू तिले, मले का समजत नाई? साजरी करून ठेवावं म्हटलं."

चाळीस वर्षं होत आली, हे वाक्य आठवलं की मला आजही माझीच लाज वाटते. आमच्या मुलखात ज्याच्यावर माया त्याला ऊन दाखवायचं. बाळंतिणीची गादी, लोणच्याची बरणी, पोरांची पुस्तकं. तिनं माझ्या पेटीला घरचं मानलं, एवढाच तिचा गुन्हा.

गुलाबभाऊंनी दुकान बंद करून पेचकस आणला. झाकण उघडलं आणि ते थक्क झाले. "अरे बाप, हे तं सारं मेनावर बसवलं हाये!" हार्मोनियमच्या आत सूर देणाऱ्या पितळी पत्र्या खिळ्यांनी बसवलेल्या असतात, इथं छोट्या-छोट्या पत्र्या मेणात रोवलेल्या. मेण वितळून ओघळलं होतं आणि पत्र्या घसरून एकमेकींवर पडल्या होत्या. आम्ही मेणबत्ती वितळवून पाहिली. थंड होताच ती टवक्याटवक्यानं सुटली.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. माय मला न सांगता गेली आणि रैनीबाईला घेऊन आली. रैनीबाई नदीपलीकडच्या जंगलातल्या गावची. दर बाजाराला चारोळी, मध आणि मेण घेऊन बसायची. आमच्या मोहफुलांना ती इरुक म्हणायची. तिचा भाऊ पितळेचे दिवे ओतायचा, आधी मेणाचा दिवा घडवून. पेटीचं उघडं पोट तिनं बराच वेळ न्याहाळलं, ओघळलेलं मेण नखानं खरवडून हुंगलं.

"निस्तं मेन उन्हात रायत नाई," ती म्हणाली. "राळ पायजे."

तिनं आमच्या चुलीवर पळीत मेण वितळवलं, त्यात राळेचे खडे टाकले. घरभर वास सुटला: मध, धूप, थोडा धूर. बांबूच्या काडीनं ती थेंब-थेंब मेण पत्रीच्या कडेनं सोडत होती, गुलाबभाऊ पत्री धरत होते, मी भाता ओढून सूर बघत होते. माय पंख्यानं वारा घालत होती. कुणाला, तर मेणाला. दोन दुपारी लागल्या. वरच्या सुरांच्या सात पट्ट्या मुक्याच राहिल्या. त्यांच्या बारीक पत्र्या वाकून गेल्या होत्या. बाकीच्या बोलल्या. रैनीबाईनं कान लावून एक-एक सूर ऐकला आणि म्हणाली, "आता नाई हालत."

चौदा तारखेला माय शुभ्र लुगडं नेसून तयार झाली. गाणार का, हे मी विचारलं नाही. ऊन कलल्यावर मिरवणूक निघाली. निळे झेंडे, गुलाबभाऊ बंडीवर, आणि बंडीच्या मागं, बायांच्या मध्ये, मी. गुलाबभाऊंनी मागं वळून पाहिलं आणि आपल्या पेटीचा भाता मुद्दाम मिटून ठेवला. मी काळी तीनवर सूर धरला. दहा पावलं गेली. वीस गेली. मग शेजारून, मान सरळ ठेवून, माय गायला लागली. खाली, जाड, भरलेल्या आवाजात. तो आवाज मिरवणुकीनं आधी ऐकलाच नव्हता. बाया दचकल्या आणि मग तिच्यामागं उतरल्या.

बाजारचौक आला. तीच गर्दी. दुसऱ्या मोहल्ल्याचे ढोल, कुणाचा तरी कोपर माझ्या हाताला लागला, बोटं सुटली, सावरायला गेली ती नेमकी वरच्या मुक्या पट्ट्यांवर. दाबतेय, दाबतेय, आवाज नाही. माझे पाय थांबले. मला एवढंच दिसलं की तोच चौक आहे आणि तीच ओळ आहे.

माय थांबली नाही. तिनं माझं मनगट धरून मला पुढं ओढलं आणि तीच ओळ पुन्हा गायली. "नाव माझं मी लिहिलं गं." पुन्हा. पुन्हा. माझ्या कानाशी, पहिल्याहून सावकाश, मी तिला 'क' गिरवायला लावायचे तशी. चौथ्यांदा माझ्या बोटांना तिचा सूर सापडला.

विहारापाशी पट्टे उतरवताना मी म्हटलं, "माय, मी चुकली व. तू काऊन थांबली नाई?"

ती घाम पुसत होती. "मी थांबली असती, तं तू कोनाच्या मागं आली असती?"

त्यानंतर ती बरीच वर्षं गायली, दरवर्षी थोडी आणखी खाली. उतरायला जागा होती. माय गेली, गुलाबभाऊ गेले. रैनीबाई एका वर्षी बाजारात दिसली नाही, नंतर कधीच दिसली नाही. तिचं मेण मात्र हललेलं नाही. इतके उन्हाळे आले, आमचे उन्हाळे, तरी नाही.

काल खोकं सावलीत उघडलं. उष्म्यानं मेणाचा वास वर आला, मध आणि धूप, आणि खिडकीतून मोहाचा. पट्टे चढवले, काळी तीनवर सूर धरला. चौकातल्या त्या ओळीशी माझी बोटं अजून थांबतात. आता चुकून नाही थांबत. थांबून मी वाट बघते.

काल बराच वेळ बघितली. घर गप्प होतं. माझा आवाज हल्ली काळी तीनलाही पोचत नाही, हे मला माहीत आहे. मग मीच ती ओळ उचलली, जिथं जमली तिथून, खूप खालून. एकदा गायले, दुसऱ्यांदा गायले. चौथ्यांदा बोटं मागून आली.